ही स्लाइड माझी नाही

मी हितसंबंध लपवले, असं तुम्ही लिहिलंत. आपल्या हाडांच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या कागदावर, कार्यकारिणीच्या सहीनं, 'खेदपूर्वक कळवण्यात येते की' अशी सुरुवात करून लिहिलंत. तुम्हाला खेद वगैरे काही झालेला नाही. तुम्ही खोटं लिहिलंत, आणि लिहिताना ते खोटं आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. कारण त्या दिवशी तुमच्यातले निम्मे लोक त्या हॉलमध्ये पुढच्या सोफ्यांवर बसले होते. मी काय बोललो ते तुम्ही कानांनी ऐकलंत. हसलातसुद्धा. सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

महाबळेश्वर, जानेवारी महिना, हाडांच्या डॉक्टरांचं राज्य अधिवेशन. डॉक्टर हॉलमध्ये, डॉक्टरांची बायकापोरं स्ट्रॉबेरीच्या मळ्यात. मी सकाळी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन स्लाइड जमा करायच्या खोलीत गेलो. अधिवेशनात बोलणाऱ्या प्रत्येकाला हे करावं लागतं. तिथे तुमच्या स्लाइड घेऊन अधिवेशनाच्या ठरलेल्या साच्यात बसवतात. वर संस्थेचं बोधचिन्ह, खाली गावाची काहीतरी खूण. त्या वर्षी खाली स्ट्रॉबेरी होती. मोडलेल्या हाडाच्या एक्स-रेखाली स्ट्रॉबेरी.

खोलीत नचिकेत दिवाण होता. अधिवेशनाचा ऑर्गनायझिंग सेक्रेटरी, आणि मिरजेच्या हॉस्टेलात माझ्या शेजारच्या खोलीत राहिलेला. माझं नाव भूपाल मगदूम. मला भूप्या म्हणणारी जी चार माणसं या जगात उरली आहेत त्यांतला तो एक.

"भूप्या, ही दुसरी स्लाइड काय आहे?"

"हितसंबंध."

"ते दिसतंय. एवढं लांबलचक? निबंध लिहिलायस."

स्लाइडवर मी साधंच लिहिलं होतं. माझी बायको आणि मेहुणा मिळून सांगलीत कृत्रिम सांध्यांचं दुकान चालवतात. अमुक कंपनीचे ते डीलर आहेत. मी आज ज्या शस्त्रक्रियांबद्दल बोलणार आहे त्यांत त्याच कंपनीचे सांधे वापरलेले आहेत. बस.

"लोक 'काही नाही' लिहितात," नचिकेत म्हणाला. "लिहावंही लागत नाही. हे बघ, साच्यात दुसरी स्लाइड आम्ही आधीच टाइप करून ठेवली आहे. 'वक्त्याचे कोणतेही हितसंबंध नाहीत.' कोणाला त्रास नको."

"म्हणजे सगळ्यांच्या वतीनं तुम्हीच जाहीर करून टाकता?"

"सोय असते रे. जेवणाचं कूपन आधीच बॅगेत घालून ठेवतो ना, तसं."

"माझं कूपन काढ. माझी स्लाइड ठेव."

"त्यात कंपनीचं नाव आहे. वैज्ञानिक सत्रात स्लाइडवर कुठल्याही कंपनीचं नाव चालत नाही. नियम आहे. जाहिरात होते."

मी माझ्या गळ्यातली बॅजची पट्टी त्याच्या नाकासमोर धरली. तिच्यावर इंचा-इंचावर एका कंपनीचं नाव होतं. माझ्या खांद्यावरच्या बॅगेवर होतं. खिडकीबाहेर कमान होती, तिच्यावर एवढं मोठं होतं की वेण्णा तलावातल्या होडीतून वाचता आलं असतं.

"ते हॉलच्या बाहेर आहे," नचिकेत म्हणाला.

"जाहिरात होऊ नये म्हणून केलेला नियम, आणि त्यानं तू हितसंबंध पुसणार?"

"मी काही पुसत नाही, बाबा. मी नियम वाचतो. बरं, ठेवतो तुझी. जा, चहा पी. सबनीस सर विचारत होते तुला."

ठेवतो म्हणाला. हे लक्षात ठेवा.

आता मी तिथे कशासाठी गेलो होतो ते सांगायला हवं.

आमच्या जयसिंगपुरात, जिथे माझा दवाखाना आहे, त्याच्या तीन वर्षं आधी एक शिबिर झालं होतं. पुण्याचे डॉ. विद्याधर सबनीस स्वतः आले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये महाराष्ट्रात त्यांच्यापुढे नाव घ्यावं असा माणूस नव्हता, आजही नाही. मी पुण्यात त्यांच्या हाताखाली शिकलो. हाड कापताना करवत किती दाबायची हे त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. शिबिरात त्यांनी बऱ्याच जणांना एका नव्या प्रकारचा सांधा बसवला. त्याला लोक मांडीचा गुडघा म्हणायला लागले, कारण तो बसवल्यावर जमिनीवर मांडी घालता येते. आमच्याकडे पंगतीला, देवळात, शेतात, सगळीकडे माणूस मांडी घालतो. गावात नुसता जल्लोष झाला.

सर गेले आणि पेशंट माझ्याकडे यायला लागले. पहिलं वर्षभर सगळे खूश. मग एक एक जण लंगडत यायला लागला. एक्स-रेत दिसायचं की सांध्याची खालची बैठक हाडापासून सुटते आहे. दर तिसरा गुडघा. आक्काताई खवाटे त्यांतल्या पहिल्या. बाई इतकी खमकी की दुखतंय हे सांगायलाच सहा महिने लावले. त्यांचा तो गुडघा मी उघडला तेव्हा सांधा दोन बोटांनी उचलून बाहेर आला. दगडी फरशीवरचा पाट उचलावा तसा.

तो काढून दुसरा बसवायचा तर सांधा कुठून आणायचा? सांगलीत त्या मापाचा सांधा ठेवणारं एकच दुकान, माझ्या मेहुण्याचं. जिनेंद्रचं. त्यात माझी बायको पद्मजा भागीदार. म्हणजे सरांचा सांधा सैल झाला की माझ्या घरात विक्री होते. हे असं आहे. मी तोंड धुऊन आलो तरी हे असंच राहतं.

आणि त्या अधिवेशनात संध्याकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे ठराव होता. मांडीच्या गुडघ्याची संस्थेनं शिफारस करायची आणि तालुक्या-तालुक्यात शिबिरं घ्यायची. पहिलं शिबिर पुन्हा जयसिंगपूर. आक्काताईंनी दुसऱ्या गुडघ्यासाठी त्यात नावसुद्धा घातलं होतं. मी अडवलं तर म्हणाल्या, "पयला बिघडला तो माझ्या नशिबानं. मोठ्या सायबाचा हात हाय त्यो."

ठराव संध्याकाळी. माझा पेपर दुपारच्या चहाआधी. आठ मिनिटं.

सर लाउंजमध्ये एकटेच बसले होते. मला बघून उठले, पाठीवर थाप मारली, स्वतः उठून माझ्यासाठी कॉफी घेऊन आले. असे होते ते. आजही माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाईट शब्द सहज येत नाही, हे तुम्हाला आवडणार नाही, पण आहे.

"तुझा सारांश वाचला मी, भूपाल. चांगलं काम आहे. आकडे नीट मांडलेत."

"सर, तुमच्या सांध्याविरुद्ध आहे ते."

"विज्ञान कोणाच्या विरुद्ध नसतं. बोल तू बिनधास्त. मी चर्चेत उत्तर देईन." मग त्यांनी कपात साखर ढवळत हळूच विचारलं, "जिनेंद्र कसा आहे? दुकान चांगलं चाललंय म्हणे."

जिनेंद्रला सर एकदाच भेटले होते, माझ्या लग्नात.

"बरा आहे, सर."

"त्याचं काही बोलू नकोस हं वर. तुझ्या भल्यासाठी सांगतो. तू ते बोललास की तुझे आकडे कोणी ऐकणार नाही. मेहुण्याचा माल खपवायला आलाय म्हणतील. तुझ्याच पेपरचं वाटोळं."

"आणि नाही बोललो तर?"

"तर काय? आपण एकमेकांना विचारत नाही रे. इतकी वर्षं कोणी कोणाला विचारलंय का?"

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हसले. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा नुसता सल्ला नाही, हा करार आहे. मी माझं झाकायचं, ते त्यांचं, जे काही असेल ते, झाकतील, आणि आम्ही दोघं सभ्य माणसं म्हणून चहाला भेटू.

मी बाहेर येऊन पद्मजाला फोन लावला.

"अहो, बोला पटकन, दुकानात गिऱ्हाईक आहे."

"तुझं आणि जिनूचं नाव मी आज सगळ्यांसमोर घेणार आहे."

"घ्या की. काय चोरी केलीय का आम्ही?"

"लोक हसतील. म्हणतील, बायकोच्या दुकानासाठी आला."

मागून जिनू कोणाला तरी वॉकरची उंची समजावून सांगत होता.

"हसतील तर हसू द्या," ती म्हणाली. "पण तुम्ही नाही सांगितलंत आणि उद्या दुसऱ्यानं सांगितलं, तर मग आम्ही खरंच चोर ठरतो. आणि अहो, स्वेटर घाला. काल घातला नव्हता, फोटोत दिसलं."

स्वेटर घातला आणि हॉलमध्ये गेलो.

सरांचं भाषण माझ्या आधी होतं. हॉल भरून लोक मागे भिंतीला टेकून उभे. निवेदिकेनं त्यांची ओळख करून दिली ती इतकी लांब की तेवढ्यात एखादा गुडघा झाला असता. मग पडद्यावर सरांचं नाव आलं. मग दुसरी स्लाइड आली आणि गेली. डोळा मिटून उघडावा एवढ्यात. पण मी त्याच एका स्लाइडसाठी बसलो होतो, त्यामुळे मला दिसली. 'वक्त्याचे कोणतेही हितसंबंध नाहीत.' खाली स्ट्रॉबेरी.

आणि मग काय बोलले ते. शेवटी एक व्हिडिओ लावला. एक म्हातारी हसत हसत जमिनीवर मांडी घालते आणि भाकरी थापायला बसते. टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारचा अनोळखी डॉक्टर म्हणाला, "हा माणूस देव आहे." मी त्या म्हातारीला ओळखलं. त्या आक्काताई होत्या. शिबिरानंतरच्या पहिल्या वर्षातल्या. त्यांचा तो गुडघा आता माझ्या कपाटात बरणीत होता.

माझं नाव पुकारलं. अध्यक्षस्थानी साताऱ्याचे एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांच्यासमोर घंटी आणि वक्त्यासाठी लाल दिवा. मी माईकपाशी गेलो. बटण दाबलं. माझं नाव आलं. पुन्हा दाबलं.

'वक्त्याचे कोणतेही हितसंबंध नाहीत.'

क्षणभर मला वाटलं अजून सरांचीच फाइल चालू आहे. मागे गेलो. माझं नाव. पुढे आलो. तीच स्लाइड. तिसऱ्या रांगेत नचिकेत बसला होता, तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याचे बूट बिननाडीचे होते.

आता पुढे जाणं सोपं होतं. एक बोट. मी काही बोललो नव्हतो, स्लाइड बोलली होती. सगळे तेच करतात. आणि खरं सांगतो, भीतीच्या जागी काहीतरी वेगळंच वर आलं. पोटातून डोक्यापर्यंत. लहानपणी कृष्णेच्या पुलावरून पाण्यात उडी मारायच्या आधी यायचं तसं.

"ही स्लाइड माझी नाही," मी म्हणालो.

अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिकेतून मान वर केली.

"मी दिलेली स्लाइड बदलली आहे. तिच्यावर जे लिहिलं होतं ते तोंडानं सांगतो. माझी बायको पद्मजा आणि मेहुणा जिनेंद्र सांगलीत कृत्रिम सांधे विकतात." मी कंपनीचं नाव घेतलं. स्पष्ट, दोनदा. "आज मी जे सैल झालेले गुडघे दाखवणार आहे ते काढून मी जे बसवले, ते याच दुकानातून आले. म्हणजे या अभ्यासातून माझ्या घराचा फायदा होतो. हे ध्यानात ठेवून पुढचं ऐका. संशय घ्या. घ्यायलाच हवा."

पहिल्या सोफ्यावरून कोणीतरी म्हणालं, "मेव्हण्याच्या दुकानाचं कॅलेंडर छापून वाटलं असतं तरी चाललं असतं." तेव्हा तुम्ही हसलात. संपूर्ण हॉल हसला. माझे कान तापले. पण मजा अशी की त्यानंतर मला कशाचीच भीती वाटेना. त्यांच्याकडे मला मारायला जो दगड होता तो मीच त्यांच्या हातात दिला होता, आणि तो मारून झाला होता.

मी एक्स-रे दाखवायला लागलो. हसणं विरत गेलं. बसवल्या दिवशीचा, वर्षानंतरचा, सैल झालेला. एकामागून एक. शेवटी आक्काताईंचा.

"मघाच्या व्हिडिओतल्या बाई त्या याच," मी म्हणालो. "हा त्यांचा तोच गुडघा."

मागच्या भिंतीला टेकलेले लोक पुढे सरकले.

सर उठले. निवेदिका धावत माईक घेऊन गेली. सरांनी आधी टाळ्या वाजवल्या, सावकाश, एकट्यानं.

"डॉ. मगदूम माझे विद्यार्थी. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला अभिमान आहे. फक्त एक शंका. हे गुडघे सैल झाले असं कोणी ठरवलं? यांनी. दुसरं ऑपरेशन हवं असं कोणी ठरवलं? यांनी. सांधा कुठून आला? यांच्या घरून." हॉलकडे वळून ते म्हणाले, "मी आरोप करत नाही. त्यांनी स्वतःच सांगितलंय."

पुन्हा हशा. पण या वेळी सगळे हसले नाहीत. मी ते बघितलं.

"बरोबर आहे, सर," मी म्हणालो. "म्हणून सगळे एक्स-रे मी सोबत आणलेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका. कोणीही बघा आणि सांगा सैल आहे की नाही. आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"तुमच्या स्लाइडवरही 'कोणतेही हितसंबंध नाहीत' असं होतं. ती तुमची होती की साच्यातली? साच्यातली असेल तर सांगा, माझंही तेच झालं."

मी त्यांना दार उघडून दिलं होतं. आजही सांगतो, त्यांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'हो रे, माझीही बदलली.' सरांनी नचिकेतकडे बघितलं. नचिकेतनं छताकडे बघितलं.

लाल दिवा लागला. अध्यक्षांनी घंटी वाजवली. "वेळ संपली. धन्यवाद डॉ. मगदूम. पुढचा पेपर, डॉ. निलोफर मुजावर, मिरज."

निलोफर मॅडम उठल्या. मिरजेत त्यांना सगळे ओळखतात. निम्म्या तालुक्याचे अपघात त्यांच्या टेबलावर जोडलेत. त्या व्यासपीठाकडे आल्याच नाहीत, हॉलमधल्या उभ्या माईकपाशी गेल्या.

"अध्यक्षमहाराज, माझा पेपर घोट्याच्या फ्रॅक्चरवर आहे. घोटे पुढच्या वर्षीही मोडतील. माझी आठ मिनिटं मी या प्रश्नाला देते. सबनीस सर, बोला."

"असं करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"कुठल्या नियमात?"

अध्यक्षांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्यानं कार्यक्रमपत्रिका उलटी-सुलटी केली.

"वेळ चाललीय माझी," मॅडम म्हणाल्या. "मी बोलत नाहीये, पण चाललीय."

सरांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. चिडले होते. आयुष्यात त्यांना असं कोणी उभं केलं नव्हतं.

"ठीक आहे. त्या सांध्याची रचना माझी आहे. प्रत्येक सांध्यामागे कंपनी मला मानधन देते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं."

आवाज अगदी मागून आला. मफलर गुंडाळलेला एक किडकिडीत माणूस. मागाहून कळलं, उदगीरचे डॉ. बिराजदार.

"मला माहीत नव्हतं, सर. मी दोन वर्षांपूर्वीच्या अधिवेशनात तुमचं भाषण ऐकलं आणि तेव्हापासून तोच बसवतोय."

"मग? चांगलेच निकाल आले असतील."

"नाही ना," बिराजदार म्हणाले. त्यांना माईक कोणी दिलाच नव्हता, पण हॉल इतका शांत होता की गरज नव्हती. "सैल होतायत. मी कोणाला बोललो नाही. मला वाटलं, सरांचे होत नाहीत आणि माझे होतायत, म्हणजे माझाच हात चुकतो. मी ऑपरेशनं बंद करायच्या विचारात होतो."

कोणी हसलं नाही.

"माझेही," डावीकडून एक जण म्हणाला.

"आमच्याकडे पण."

मग एकदम गलका झाला. लोक उभे राहिले, कोणी मोबाइलमधले एक्स-रे शेजाऱ्याला दाखवायला लागले, कोणी ओरडलं, "रात्री झोप नाही आली, साहेब, एवढे दिवस." मी व्यासपीठावरून बघत होतो. एवढी माणसं, एकाच गोष्टीसाठी, आपापल्या गावात एकेकटी स्वतःला दोष देत बसली होती. कशामुळे? डोळा मिटायच्या आत गेलेल्या एका स्लाइडमुळे. सरांना पैसे मिळतात हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी स्वतःच्या हाताआधी सांध्यावर संशय घेतला असता. एवढाच तर मुद्दा होता.

अध्यक्षांनी घंटी बडवली आणि चहा जाहीर केला.

बाहेर व्हरांड्यात सर मला गाठून म्हणाले, "भूपाल, तू मला खोलीत विचारायचं होतंस."

"खोलीत विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं, सर, पण एकट्या मला. म्हणून तर खोलीत विचारलं नाही."

त्यानंतर आजवर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

संध्याकाळच्या सभेत ठराव 'अधिक अभ्यासासाठी' बाजूला ठेवला गेला. शिबिर रद्द झालं. नचिकेत जिन्यात भेटला.

"भूप्या, संपलास तू."

"स्लाइड कोणी बदलली?"

"मला वरून सांगितलं."

"वरून म्हणजे कोणी?"

"वरून म्हणजे वरून," तो म्हणाला, आणि जिना चढून गेला.

आक्काताई पुढच्या सोमवारी आल्या. थोरला मुलगा बरोबर. शिबिर माझ्यामुळे मोडलं हे त्यांच्यापर्यंत पोचलं होतं आणि त्या भांडायला आल्या होत्या.

"माझा दुसरा गुडघा कोण करणार आता?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सरांना त्या सांध्यामागे पैसे मिळतात ते सांगितलं. मग म्हटलं, "आणि मी जो बसवतो त्याच्यामागे माझ्या बायकोला आणि मेहुण्याला मिळतात. हेही ऐका, आणि मग ठरवा. कोल्हापूरला, मिरजेला, कुठंही जा. मी चिठ्ठी देतो."

आक्काताई विचारात पडल्या.

"तुमचा मेव्हणा म्हंजे त्यो सांगलीचा? एस.टी. स्टँडच्या मागं दुकान हाय त्यो?"

"तोच."

"मग त्येचाच बसवा की."

"मावशी, मी काय सांगितलं ते कळलं का? मला फायदा आहे त्यात."

"कळलं वो. येडी न्हाई मी. फायदा कुणाला न्हाई? पर ह्यो बिघडला तर तुमच्या मेव्हण्याच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसाया येतंय मला. त्या मोठ्या सायबाचं कोण हाय, कुठं हाय, म्या कुठं हुडकायचं?"

मुलगा हसला. मी हसलो नाही. मला आठ मिनिटांच्या पेपरात जे नीट सांगता आलं नव्हतं ते बाईनं सांगून टाकलं होतं. तरी तो गुडघा मी केला नाही. मुजावर मॅडमनी केला, मिरजेला, त्यांनी निवडलेल्या सांध्यानं. आक्काताई अजून मला त्यावरून बोलतात.

ही झाली सहा वर्षांपूर्वीची गोष्ट.

नंतर तुम्ही त्या सत्राचा व्हिडिओ संस्थेच्या संकेतस्थळावर टाकलात. त्यात माझं नाव येतं, मग ती स्लाइड येते, 'वक्त्याचे कोणतेही हितसंबंध नाहीत', आणि मग एकदम एक्स-रे. 'ही स्लाइड माझी नाही' हे वाक्य नाही. पद्मजा नाही, जिनेंद्र नाही. सरांचा प्रश्न आहे, त्यांचं उत्तर नाही. मुजावर मॅडमची आठ मिनिटं नाहीत. बिराजदार तर जन्मालाच आलेले नाहीत.

आणि आता मांडीचा गुडघा परत आलाय. तीच रचना, नवा रंग. येत्या अधिवेशनात पुन्हा शिफारशीचा ठराव आहे. मी बोलायला वेळ मागितला. तुम्ही कळवलंत की महाबळेश्वरच्या अधिवेशनात मी दिलेल्या स्लाइडवर हितसंबंध नाहीत असं नमूद आहे, प्रत्यक्षात माझी पत्नी व मेहुणा वितरक असल्याचं निदर्शनास आलं आहे, सबब मला व्यासपीठ देता येत नाही. निदर्शनास आलं. कुठून आलं? माझ्याच तोंडून आलं, तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्याच माईकवरून. मुजावर मॅडमनी साक्ष लिहून पाठवली तर म्हणालात, नोंदीत नाही. ज्यांनी नोंद कापली तेच सांगतायत की नोंदीत नाही.

मला व्यासपीठ नको. नका देऊ. पण येत्या अधिवेशनात तो ठराव मांडायला जो कोणी उभा राहील, त्याच्या मागे दुसरी स्लाइड येईल. या सगळ्या लिखाणात सरांच्या कंपनीचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही. ते मी घ्यायचं नव्हतंच. माझ्या मेहुण्याचं नाव, गाव, दुकान, सगळं तुम्ही पत्रात अचूक लिहिलंत. आता सरांच्या कंपनीचं हे दुसरं नाव त्या स्लाइडवर, हॉलमधल्या मागच्या भिंतीला टेकलेल्या माणसाला वाचून होईल इतका वेळ, तुम्ही दाखवणार आहात की नाही?

हो किंवा नाही. लेखी द्या.